प्रयोगशाळेची किल्ली मागा

दहावीचा निकाल लागला की नाशिक जिल्ह्यात घराघरांत एक फैसला होतो, आणि तो चहाचा कप संपायच्या आत होतो. मुलाला साठ टक्के पडले तरी सायन्स, कारण ‘पोरगं आहे, पुढे काहीतरी करून खाईल’. मुलीला ऐंशी पडले तरी आर्ट्स, कारण क्लासची फी आणायची कुठून, प्रॅक्टिकल संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते, आणि एवढं शिकवून जायचं परक्याच्याच घरी. त्याच दिवशी गंगापूर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमधल्या मुलीला ‘सायन्स घेणार का’ असं कुणी विचारतही नाही. तिथे प्रश्न एवढाच, की जेईई की नीट. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरच्या मुलालाही कुणी विचारत नाही, कारण त्याच्याकडून सायन्सची अपेक्षाच कुणी धरलेली नसते. मुलगी असणं हे एक कुंपण आणि गरिबी हे दुसरं. दोन्ही कुंपणं जिथे मिळतात त्या कोपऱ्यात आपल्या जिल्ह्यातल्या किती मुली उभ्या आहेत, ते पाहायला आता तरी उठलं पाहिजे.

मुलींना सायन्स झेपत नाही असं अजूनही ज्याला वाटतं, त्याने केंद्र सरकारचा उच्च शिक्षणाचा अहवाल उघडावा. २०२१-२२ साली देशात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी शिकत होते. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. कुणी म्हणेल, मुलगे इंजिनिअरिंगला गेले म्हणून इथल्या जागा मुलींना मिळाल्या. त्यात तथ्य आहे. इंजिनिअरिंगच्या वर्गात अजून तिघांत एकही मुलगी भरत नाही. पण मुलींना विज्ञान समजतं का, हा वाद या आकड्यांनी कायमचा मिटवला आहे. उरतात ते खरे प्रश्न. एवढ्या मुली विज्ञान शिकतात, मग देशातल्या संशोधकांत बायकांचा वाटा जेमतेम सहावा हिस्सा का? आणि त्या २९.८ लाखांत लासलगावच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईची मुलगी किती, ऊसतोडीला जाणाऱ्याची किती? असा रकाना त्या अहवालात नाही. तो रकाना आपल्याला आपल्या गावात, आपल्या शाळेत स्वतः भरून पाहावा लागणार आहे.

कमला भागवतांची गोष्ट आपण मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. १९३३ साली रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले. त्यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत; सत्याग्रह करीन म्हणाल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, काम पसंत पडलं तरच पुढे, आणि त्यांच्यामुळे तिथलं वातावरण बिघडता कामा नये. त्या अपमानाचा सल त्यांना जन्मभर राहिला. पण १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं हे त्यांनी दाखवलं. भारतात परतल्यावर नीरेवर काम केलं आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायांना नीरेचा उपयोग होतो हे सिद्ध केलं.

आता या गोष्टीचा जो भाग आपण घाईघाईने ओलांडतो, तिथे जरा थांबू. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते, आणि दोघेही बंगळुरूच्या त्याच संस्थेत शिकलेले होते. संचालकाच्या दालनात जाऊन वाद घालायचं धैर्य त्यांचं स्वतःचं होतं, त्याचं श्रेय कुणी घेऊ नये. पण असं एक दालन आहे, तिथे जाता येतं, आणि नकार मिळाला तर परत विचारता येतं, ही माहिती त्यांना घरात, जेवणाच्या पानावर मिळाली होती. बाई म्हणून समोर आलेली भिंत त्यांनी फोडली. पैशाची, जातीची, अनोळखीपणाची भिंत त्यांच्या वाट्याला आली नव्हती. सुरगाण्याच्या कोकणा किंवा वारली घरातल्या मुलीपुढे या सगळ्या भिंती एकदम उभ्या असतात. तिला आपण कमलाबाईंचा धडा वाचायला देतो आणि म्हणतो, बघ, तूही हो अशी. घरात मिळालेलं ते बळ मात्र तिला कुणी देत नाही. ते द्यायचं काम शाळेचं आहे, आणि शाळेला जाब विचारायचं काम आपलं.

लंडनमध्ये लुईझ आर्चर या शिक्षणाच्या अभ्यासक आणि त्यांचे सहकारी २००९पासून हाच विषय धरून बसले आहेत. त्यांनी दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना विचारलं. विज्ञान बहुतेकांना आवडत होतं, आईबापही त्याला मान देत होते, पण ‘मी शास्त्रज्ञ होईन’ म्हणणारी मुलं शंभरात पंधराच्या आसपास. ओळखीत कुणी विज्ञानातलं माणूस आहे का, घरी त्यावर बोलणं होतं का, विज्ञान ‘आपल्यासारख्यांचं’ वाटतं का, यावर पुढचं ठरत होतं. तिकडच्या श्रीमंत देशात ही गत असेल, तर आपल्याकडे आश्रमशाळेतल्या मुलीने आवड आहे म्हणून आपोआप पुढे जावं अशी आशा धरणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे.

मुलींचा अभ्यासक्रम वेगळा नको, हे १९६२ साली हंसा मेहतांच्या समितीने सांगितलं. दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं हवं, हे १९६४ ते ६६च्या कोठारी आयोगाने सांगितलं. त्याआधीची गत काय होती ते भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले सांगत असत. पुण्यात मुलींच्या शाळेत त्या शिकल्या, तिथे सातवीपर्यंत विज्ञानाच्या जागी गृहविज्ञान होतं. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी त्यांना विज्ञान वेगळं शिकून घ्यावं लागलं. पुढे त्यांनी राम रामस्वामी यांच्याबरोबर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या आत्मकथनांचं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक २००८ साली संपादित केलं, आणि २०२४च्या ऑक्टोबरात जाईपर्यंत मुलींच्या बाजूने बोलत राहिल्या. त्यांच्या लहानपणीचा तो भेद १९७५च्या नव्या दहावीनंतर कागदावरून गेला. आज मुलगा आणि मुलगी एकच पुस्तक वाचतात, एकच पेपर सोडवतात.

प्रयोगाच्या टेबलाशी मात्र भेद ठाण मांडून बसलेला आहे. मी पाहिलेली एक तासिका सांगते. दहावीचा वर्ग, प्रयोग बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढण्याचा. साठ मुलं, पस्तीस मिनिटं, भिंगं चार. गट पाडले. प्रत्येक गटात भिंगाचा स्टँड आणि मोजपट्टी मुलांनी उचलली. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप उचलली. जर्नल मुलींच्या पुढ्यात आलं, कारण ‘तुमचं अक्षर चांगलं आहे’. एका गटात टोकाला एक मुलगी हात मागे बांधून उभी होती. तिला विचारलं, तू का नाही घेत? खाली बघून म्हणाली, फुटलं तर भरून द्यावं लागतं.

या एका वाक्यात सगळं आलं. ज्या घरात फुटलेल्या भिंगाचे पैसे हसत देता येतात, त्या घरातलं मूल बिनधास्त हात पुढे करतं. तिच्या घरी ते पैसे म्हणजे एका दिवसाचं तेल-मीठ. म्हणून ती हात मागे बांधते, शिक्षकांना ती ‘रस नसलेली’ वाटते, आणि वर्षाअखेरीस अंतर्गत गुणांच्या वहीत तिच्या नावापुढे वीसपैकी एक बरा आकडा पडतो. तो आकडा पाहून कुणालाही कळणार नाही, की तिने भिंगाला हातच लावलेला नव्हता. त्या दिवशी मात्र मी तिच्या हातात भिंग दिलं, तिला खिडकीपाशी नेलं आणि मागे पांढरा कागद धरायला सांगितलं. कागद मागेपुढे करता करता बाहेरचं चिंचेचं झाड कागदावर उतरलं. लहानसं, लख्ख, शेंडा खाली आणि बुंधा वर. कागद आणि भिंग यांच्यातलं अंतर मोजलं की झालं नाभीय अंतर, पुस्तकातली सहा ओळींची कृती एवढीच. तिने अंतर मोजलं नाही. तिने विचारलं, ‘पण उलटं का?’ वर्गात त्या तासाला विचारला गेलेला तो एकच प्रश्न होता.

त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. साठ मुलं, चार भिंगं, पोर्शन संपवण्याची घाई, आणि वर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामं. आश्रमशाळांची अवस्था तर याहून बिकट. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकात आहे. रोजंदारीवरचे, तासिकेवरचे शिक्षक आदिवासी विकास भवनापुढे बिऱ्हाड मांडून बसलेले नाशिककरांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नाही, त्याने प्रयोगशाळा उभी करावी कशी?

आता द्राक्षाच्या बागेत चला. दिंडोरी, निफाडच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या उतरतात. आईबरोबर शाळेतल्या मुलीही येतात. घड लागले की डिपिंग सुरू होतं: हातात मग, मगात जीएचं द्रावण, एकेक घड बुडवत पुढे जायचं. हे जीए म्हणजे जिब्रेलिक ॲसिड. भाताची रोपं अकारण उंच वाढवून आडवी करणाऱ्या एका बुरशीच्या रोगाचा शोध घेताना जपानी शास्त्रज्ञांना ते सापडलं. कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवलं, की बुरशी जे द्रव्य सोडते त्यानेच रोप लांबतं. भात म्हणजे सुरगाण्याच्या मुलीचा घरचा विषय, आणि द्राक्षाचा मणी लांब होताना ती रोज बघते. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जीए म्हणजे दहा पीपीएम. मग दहा लिटरच्या बादलीत चाळीस पीपीएम हवं असेल तर किती ग्रॅम? पावडर थेट पाण्यात का विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये का टाकतात? दहावीच्या विज्ञानाचा अर्धा अभ्यास त्या बादलीत आहे.

पण बादलीत द्रावण तयार करतो पुरुष. मोजमाप त्याचं, काटा त्याचा, पुडीवरचं वाचणं त्याचं. बुडवणं बायकांचं. आणि शाळेतही तेच: मोजायचं मुलांनी, लिहायचं मुलींनी. बागेत आणि वर्गात एकच वाटणी चालू आहे, आणि आपण तिला रीत म्हणतो. ही रीत मोडा. बागायतदारांनो, यंदा द्रावण करताना त्या मुलीला काट्यापाशी बोलवा. तिला हिशेब करू द्या, तुमचा आणि तिचा ताळा जमतो का बघा. तुमचं काही कमी होणार नाही, आणि कृपा म्हणूनही करू नका. तिच्या हातांनी तुमचा माल परदेशी जातो, तेवढा हक्क तिचा आहे.

आणि एक गोष्ट, जी विसरता कामा नये. २०२२च्या जुलैमध्ये आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका शासकीय आश्रमशाळेतल्या विज्ञान शाखेच्या मुलीने तक्रार केली. वृक्षारोपणाच्या वेळी पाळी आलेल्या मुलींना शिक्षकाने झाडं लावू दिली नाहीत. तुम्ही हात लावला तर झाडं जगत नाहीत, मागच्या वर्षी तसंच झालं, असं सांगितलं, असं तिचं म्हणणं होतं. बातमी देशभर गेली, आदिवासी विकास विभागाला चौकशी लावावी लागली. चौकशीचं जे व्हायचं ते झालं असेल. मला त्या मुलीचं मोल वाटतं. वसतिगृहात राहणारी, गुण शिक्षकांच्या हातात असलेली, घर दूर. गप्प राहण्याची सगळी कारणं तिच्यापाशी होती. तरी ती बोलली. विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीने जे करायला हवं तेच तिने केलं: पुरावा नसलेलं विधान मान्य केलं नाही. खरं तर अशा विधानाचं उत्तर वर्गातच देता येतं. वीस रोपं आणा, सारखी माती, सारखं पाणी. दहा रोपं पाळी चालू असलेल्या मुलींनी लावावीत, दहा इतरांनी. तीन महिन्यांनी मोजा आणि आलेले आकडे फळ्यावर लिहा. संविधानाच्या ५१-अ कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि शाळेच्या आवारात ते पाळायला एवढ्या वीस रोपांची गरज आहे.

कुणी म्हणेल, गरिबांच्या पोरांना सायन्स जमायला पिढ्या जाव्या लागतात. खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे महाराष्ट्रातच दाखवून झालेलं आहे. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं. त्याच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या खेड्यांच्या शाळांत झालं. पुढे याच केंद्राचे व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुलं निवडली आणि त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना आढळलं, की या मुलांना विज्ञान अडत नव्हतं, पुस्तकाची जड भाषा अडत होती. वाक्यं सोपी केली, हातात साहित्य दिलं, प्रश्न विचारू दिले, आणि शालान्त परीक्षेत या मुलांचे गुण लक्षणीय वाढले. मुलं तीच, वस्ती तीच, घर तेच. आपण चाळीसहून अधिक वर्षं हा धडा कपाटात ठेवून दिला. ज्या मुलांची घरची बोली कोकणी, वारली, भिली, त्यांना आपण आजही ‘अपवर्तनांक’ पहिल्याच दिवशी पाठ करायला लावतो आणि त्यांची जीभ अडखळली की डोकं अडखळलं असं समजतो.

नाशिककरांनो, आपल्या शहराला बंद दार उघडा म्हणण्याचा इतिहास आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरापुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभा राहिला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी माणसं जमवली, आणि त्या माणसांत बायाही होत्या. त्यांनी लाठ्या-दगड खाल्ले, आणि वर्षानुवर्षं मागणी सोडली नाही. आज जिल्हा परिषदेच्या, आश्रमशाळेच्या, अनुदानित शाळेच्या प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप आहे, ते तपासणीच्या दिवशी निघतं. आत सूक्ष्मदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, डेडस्टॉक रजिस्टरात नोंद पक्की. या दारासाठी लाठ्या खाव्या लागणार नाहीत. फक्त मागायला जावं लागेल.

आणि मागायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. आयांनो, तुमच्या सह्या त्या वहीत आहेत. बहुतेकींनी चहाबरोबर केलेल्या आहेत. पुढच्या बैठकीत सही करण्याआधी विचारा: यंदा सहावी, सातवी, आठवीच्या मुलींनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? काचसामान फुटलं तर पैसे कोण भरतं? आजपासून कुणाही मुलाकडून ते घ्यायचे नाहीत, असा ठराव मांडा आणि मंजूर करून घ्या. गुरुजनहो, गट पाडताना काम वाटून द्या आणि दर वेळी बदला. आज जी लिहिते ती उद्या मोजेल. ओझरच्या विमान कारखान्यातून, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून निवृत्त झालेले इंजिनिअर आणि फोरमन या शहरात गल्लोगल्ली आहेत. तुमच्यापाशी वेळ आहे आणि हातात कसब आहे. महिन्यातला एक शनिवार एखाद्या पाड्यावरच्या शाळेला द्या, आणि जमलं तर कंपनीतली एखादी ऑपरेटर ताई बरोबर न्या. मुलींनी मायक्रोमीटर धरलेली बाई एकदा तरी पाहिली पाहिजे.

सरकारने मुलींना बारावीपर्यंत फी माफ केली आहे. जुलै २०२४पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्कही माफ आहे. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत आहे. म्हणजे वरचा मजला उघडा आहे; मुलगी जिन्यापर्यंतच पोचत नाही. पास मोफत आहे, पण प्रॅक्टिकल चारला संपतं आणि गाडी साडेतीनला सुटते, तर तो पास काय कामाचा? ग्रामसभेत ठराव करून आगारप्रमुखांकडे गाडीची वेळ बदलून मागणं हेही विज्ञानाचंच काम आहे. सरपंचांनी ते मनावर घ्यावं. नाही घेतलं तर बायांनी मोर्चा न्यावा.

आणि मुलींनो, तुम्हीही वाट बघत बसू नका. या आठवड्यात प्रॅक्टिकल असेल तेव्हा पेन शेजारच्या मुलाच्या हातात द्या आणि स्टँडपाशी जाऊन उभ्या राहा. कुणी म्हणालं, ‘तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे’, तर सांगा, लिहीन की, पण आधी मी करून बघणार.